मावळतीची भिंत

एकदा एका वृद्ध स्थपतीच्या शिष्येला तिचे पहिले स्वतंत्र काम मिळाले. एका कापडाच्या व्यापाऱ्याने माळरानावर जमीन घेतली होती आणि शहराला कंटाळलेल्या पाहुण्यांसाठी त्याला तिथे विश्रामगृह बांधायचे होते. त्या जागेवर एक जुना गोठा उभा होता. शिष्येने आठ दिवस त्या गोठ्यात बसून काढले आणि त्याच्याच वळणाचे घर रेखाटले. लांबट, उतरत्या छपराचे, पूर्वेला मोकळे. मावळतीला मात्र जाड दगडी भिंत, खिडकीसुद्धा नाही.

शेठ हसले. लोक इथे सूर्यास्त बघायला येणार आणि ही बाई नेमकी तिकडेच भिंत घालते, वर घर कशासारखे तर गुरांच्या गोठ्यासारखे! मावळतीला सबंध काच हवी, उकडले तर एसी आहेत, आणि जमत नसेल तर काम करणारे छप्पन्न मिळतील, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

तिचा धीर सुटला. पहिलेच काम हातचे जाणार या भीतीने तिने मुकाट्याने काचेचा नकाशा काढला. तो गुरूला दाखवताना तिला मान वर करवेना. म्हातारा मोठा खट. रागावला नाही. चैत्रातल्या दुपारी साडेतीनला शेठना जागेवर बोलाव, एवढेच म्हणाला.

त्या दिवशी त्याने स्वतः चुन्याची फक्की टाकून तो नकाशा जमिनीवर आखला. काच जिथे येणार त्या रेघेवर, पश्चिमेकडे तोंड करून एक खुर्ची मांडली, शेठना बसवले, नकाशा हातात दिला आणि सूर्यास्त बघायला सांगितले. सूर्यास्ताला अजून तीन तास होते! शिष्या ओशाळली. गिऱ्हाइकाला कुणी असे उन्हात बसवते का?

शेठही हट्टी. बसले. दहा मिनिटांत रुमाल निघाला. मग खुर्ची थोडी सरकली. मग त्यांनी नकाशा उलगडून डोक्यावर धरला. शेवटी खुर्ची उचलून, पुटपुटत, ते गोठ्याच्या पूर्वेच्या सावलीत जाऊन बसले. गावातल्या तीन गाई आधीच तिथे रवंथ करत होत्या.

आपण काढलेली काच शेठच्या डोक्यावर छत्री झालेली शिष्येने पाहिली आणि तिला स्वतःचाच संताप आला.

“शेठ, तुम्हाला इथे या असं कुणी सांगितलं नाही,” वृद्ध म्हणाला. “गाईंनाही नाही. हा गोठा बांधणाऱ्यापाशी एसी नव्हता, म्हणून त्याला उन्हाचं ऐकावं लागलं. आपण माणसांना काचेत बसवायचं, मग यंत्रं लावून गार करायचं, आणि वीज गेली की उकडू द्यायचं. ह्याला घर म्हणायचं का?”

शेठनी घाम पुसला. ते सगळे ठीक, पण काच होणारच, म्हणाले.

तेव्हा शिष्येने त्यांच्या हातातला नकाशा घेतला आणि टरकन फाडला.

“काच होणार नाही, शेठ. माझ्या हातून तर नाहीच. सूर्यास्तासाठी माणसानं उठून बाहेर यावं. भिंतीपलीकडे मी ओटा बांधीन, ऊन उतरलं की पाहुणे तिथे बसतील. पटत नसेल तर त्या छप्पन्नांतलं कुणीही बोलवा.”

हे तिला कुणी शिकवलेले नव्हते. वृद्ध तिच्याकडे बघतच राहिला.

ऊन उतरेपर्यंत शेठ सावलीतच बसून राहिले. मग उठून गोठ्यामागे गेले, मावळतीच्या भिंतीवर त्यांनी तळवा टेकला आणि चटका बसून झटकन मागे घेतला. इतका वेळ ते याच भिंतीच्या आडोशाला गार बसले होते.

“ओटा किती माणसांचा होईल?” त्यांनी हळूच विचारले.

वृद्ध स्थपती पायाने फक्कीची रेघ पुसू लागला. शिष्येने त्याला थांबवले.

“राहू द्या,” ती म्हणाली. “मी काढली होती, मीच पुसते.”