हौसाचा पासंग

तुळाजीराव सरकारांची स्कूटर थरथरायची, आणि स्कूटर थरथरली की सरकारांची मान हलायची. सगळा घोटाळा त्या मानेनं केला!

पुढचं टायर एका अंगाला झिजून पार गुळगुळीत झालेलं. वेग घेतला की हँडल थडथडायचं आणि फेट्यासकट मान वर-खाली, वर-खाली! जहागिरी कधीच गेली होती, पण गाव अजून त्यांना सरकारच म्हणायचं. मान हलली म्हणजे हुकूम झाला! तालमीच्या पोरांनी भर रस्त्यात ओरडून विचारलं, "सरकार, परसातला फणस नेऊ?" मान हलली. फणस गेला.

हौसा भाजीवालीनंही तोच मोका साधला. सरकारांच्या फाटकाशी, कडुलिंबाखाली ती टोपली घेऊन बसायची. ती सावली सरकारांना आता स्कूटरसाठी हवी होती. ते उतारावरून भरधाव येताना हौसानं हाक दिली, "सरकार, जागा माझीच ना?" मान हलली. आणि पार वळणापर्यंत हलतच राहिली!

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकार फाटकात उभे. "हौसा, टोपली उचल!"

"आता कशी उचलू? काल तुम्हीच व्हय म्हणालासा."

"मी नाही, चाक म्हणालं!"

"पर मान कुणाची हुती?"

सरकारांचा जुना गडी गजाबा खोकल्याचं निमित्त करून भिंतीकडे वळला.

सरकारांच्या मिशा ताठ झाल्या. "जीभ फार चालते ना? मग हात चालव! नवं टायर आणून पडलंय. इथंच, माझ्या अंगणात बसवायचं. चाकाचा तोलही इथंच करायचा. हँडल जरा जरी थरथरलं तरी आजच्या आज जागा मोकळी!"

"आन न्हाई थरथरलं तर?"

"जागा तुझी. पण अट ऐक. चाकाला वजन लावायचं नाही! तो गॅरेजवाला शिशाचे तुकडे चिकटवायची भाषा करत होता. माझ्या चाकाला ठिगळं? वजन अजिबात चालायचं नाही!"

"सरकार, वजनाबिगर तोल कसा व्हायचा?" गजाबा कळवळला.

"ते ती बघेल. तराजू घेऊन बसते ना! गावात हिचं वजन ते काय! अगं, तू माझ्या पासंगालाही पुरायची नाहीस!"

फाटकात जमलेली माणसं खो खो हसली. हौसानं मात्र कान टवकारले. पासंग! रिकाम्या तराजूचं एक पारडं खाली राहिलं, की दुसऱ्याला ती चिंचेचा गोळा चिकटवायची. तोच पासंग. रोज बोहनीच्या आधी तिचं ते पहिलं काम.

"जरा मोठ्यानं म्हणा की सरकार. मागच्यांना ऐकू गेलं न्हाई."

सरकारांनी मोठ्यानं म्हटलं. अगदी हौसेनं म्हटलं!

हौसानं पदर खोचला. समोरच पंक्चरचं दुकान. भाजी विकता विकता अर्धी विद्या डोळ्यांवाटे आत गेलेली. गजाबानं स्कूटरचं तोंड विटांवर चढवलं, चाक सोडवलं. हौसानं आधी सगळी हवा सोडली, मग नट काढले. रिमचे दोन भाग ताटल्यांसारखे वेगळे झाले. जुनं टायर निघालं. नव्याच्या आत तिनं पावडर भुरभुरली. ती बाईसाहेबांची होती, हे सरकारांना वासावरून कळलं! नट आवळले. गजाबानं पंप मारला, तो स्वतःचीच हवा जाईपर्यंत.

चाक पुन्हा जागेवर चढलं. हौसानं ते हलक्या हातानं फिरवलं. फिरून फिरून थांबलं. पुन्हा फिरवलं. तीच बाजू खाली!

"जड अंग हेच," असं म्हणून तिनं खडूची खूण केली. मग कमरेचा चांदीचा छल्ला काढला आणि बरोबर समोरच्या अंगाला रिमवर तारेनं घट्ट बांधला. फिरवलं, जरा सरकवला, परत फिरवलं. आता चाक वाटेल तिथं थांबू लागलं.

"थांब!" सरकार गरजले. "हे वजन आहे! अट मोडलीस!"

"छल्ला कुणाचा, सरकार?"

"तुझा!"

"आन मी तर तुमच्या पासंगालाबी पुरत न्हाई. गावानं ऐकलंय, दोनदा! मग माझ्या छल्ल्याला वजन कुठनं आलं?"

"अगं, पण त्यानंच तोल झाला ना!"

"म्हंजे मी पुरले पासंगाला? तसं म्हणा की गावासमोर! सरकारांचं चाक जिच्यामुळं सरळ चालतं, तिला झाडाखालनं उठवायचं कुणी?"

छल्ल्याला वजन नाही म्हणावं तर पैज गेली, आहे म्हणावं तर शब्द गेला! शेवटी गजाबाला विटा काढायला लावून ते स्कूटरवर बसले आणि चाकाची पारख करायला भुर्रकन निघून गेले.

हौसा कडुलिंबाखाली जाऊन उभी राहिली. छल्ला हलला तर? उतारावर स्कूटर दिसली. भरधाव! तिनं हाक दिली, "सरकार, जागा माझीच ना?"

हँडल थरथरलं नाही. फेटा हलला नाही. मानही हलली नाही.

आणि अगदी फाटकाशी येऊन सरकारांची मान सावकाश वर गेली, खाली आली.

"आज चाक न्हाई हललं हां, सरकार!" हौसा ओरडली.

सरकारांना असं हसू फुटलं की स्कूटर थांबवून पोट धरावं लागलं. "गजाबा! झाडाभोवती दगडी ओटा बांध, हौसाला बसायला. आणि बाईसाहेबांकडून नवा छल्ला आण हिच्यासाठी!"

"आन माझा जुना?"

"तो आता द्यायचा नाही," सरकार डोळे पुसत म्हणाले. "माझा पासंग आहे तो. काढला तर दुसराही फणस जाईल!"