चाळीस चाकांचा मोडा

पूर्वी शंखपुरात उग्रदत्त राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्व कुंभारआळीत जन्मला होता. राजवाड्यात नाही की श्रेष्ठीच्या माडीवर नाही, चांगला गुडघाभर चिखलात! त्याचे नाव सोणक, बायकोचे पदुमा. आळीत चाळीस घरे, चाळीस चाके आणि टोकाला मडकी भाजायचा सगळ्यांचा मिळून एक आवा. सोणकाचा माठ पाहिला की शेजारचा हत्थक कुंभार दर खेपेला म्हणे, "पोट जरा वाकडंच आलंय हो." आणि घरी जाऊन गुपचूप तसाच माठ घडवायला बसे.

आळीला लागून एलोजी तेल्याचा घाणा होता. त्याचे पूर्वज समुद्रापलीकडून आले होते. त्यांचे गलबत याच किनाऱ्यावर फुटले होते. नगरात त्यांची वीसेक घरे होती. वागणे-बोलणे सगळे इतरांसारखेच. फक्त दर सातव्या दिवशी घाणा बंद, बैल मोकळा, चूल थंड. आदल्या दिवशीचे शिजवलेले खायचे आणि स्वस्थ बसायचे. कुंभारणी चेष्टा करत, "मजा आहे बाई तुमची!" एलोजीची बायको रिबका हसून म्हणे, "मग या की तुम्हीपण बसायला." पण कुंभारणींना बसायला कुठली सवड!

पुढे शेजारच्या राजाशी युद्ध पेटले आणि उग्रदत्त हरू लागला. प्रधानाने त्याच्या कानात भरवले, की हे सातव्या दिवशी बसणारे लोक परके आहेत, शत्रूला फितूर आहेत. झाले! त्यांना मुलाबाळांसकट सीमेवरच्या किल्ल्यात कोंडायची आज्ञा सुटली. दुसऱ्या गावची अशीच माणसे आधी तिथे नेली होती, आणि त्यांच्यातले एकही लेकरू वाचले नाही, ही बातमी सगळ्यांच्या कानावर होती.

शिपाई यायच्या आधी, भर दुपारी, रिबका आपल्या सहा वर्षांच्या मिल्काला घेऊन सोणकाच्या अंगणात आली. "पदुमाबाई, हिला तुमची म्हणा," ती म्हणाली. पदुमाला मूलबाळ नव्हते. तिने एक शब्द न विचारता पोरीला कडेवर घेतले. रिबका सोणकाकडे वळली. "दादा, एकच मागते. तिचा सातवा दिवस तेवढा तिचा राहू द्या. बाकी सगळं ती विसरेल, लहान आहे."

"राहील," सोणक म्हणाला.

त्या दिवशी आळीतल्या आणखी चार घरांत अशीच लेकरे आली. हत्थकाच्या घरी तर दोन. "आधीच घरात पाय ठेवायला जागा नाही," असे तो आठवडाभर पुटपुटत होता आणि दोघांना मांडीवर घेऊन जेवत होता.

पण प्रधान हुशार होता. किल्ल्यात लेकरे कमी भरली हे त्याच्या लक्षात आले. त्याने दवंडी पिटवली, की सातव्या दिवशी जे लेकरू कामाला किंवा विस्तवाला हात लावणार नाही, ते उचलून आणावे.

पदुमा घाबरून गेली. "आता हिलाही त्या दिवशी माती मळायला लावते," ती म्हणाली.

"मी शब्द दिलाय गं."

"शब्द मोठा की पोर मोठी?"

बोधिसत्त्व उठून चाकापाशी गेला.

सातवा दिवस उजाडला. सगळी चाके फिरत होती, टोकाला आवा पेटलेला होता. मिल्का मात्र हात मांडीवर ठेवून ओट्यावर बसली होती. तेवढ्यात शिपायांचा नायक आळीत शिरला. पदुमाने पटकन मातीचा गोळा पोरीच्या हातात कोंबला. "घे गं माझे आई, एवढाच घे."

"आज नाही ना, माई," मिल्का म्हणाली आणि गोळा खाली ठेवला.

नायकाने ते पाहिले. "ही पोर का बसलीये?"

सोणकाच्या चाकावर मोठा माठ चढत होता, सैन्यासाठीच. खोटे बोलणे बोधिसत्त्वाला कुठल्याच जन्मी जमले नाही. त्याने फिरत्या चाकावर सरळ तळहात दाबला. चाक थांबले आणि माठ एका अंगाला कोसळला.

"आज मोडा आहे, नायक," तो म्हणाला. "शेतकरी मोड्याच्या दिवशी बैल जुंपत नाहीत, तसा आमच्या चाकाचा मोडा. आजपासून दर सातव्या दिवशी."

"आजपासून? मला खुळा समजतोस काय?"

मग शेजारच्या अंगणात हत्थकाचे चाक थांबले. "आमच्याकडंही मोडा," तो कुरकुरला. "एकट्यानं पाळायचा असतो होय मोडा?"

मग पलीकडचे चाक थांबले, त्याच्या पलीकडचे, असे करत चाळीसही. बायकांनी चुलींत पाणी ओतले. टोकाला आवा राखणारा म्हातारा जळणापासून उठला आणि सावलीत जाऊन बसला. आत सगळ्या आळीची महिन्याची मेहनत अर्धी भाजलेली होती, आणि ती वाया जाणार हे प्रत्येकाला कळत होते. आळीत पारव्यांचे घुमणे तेवढे ऐकू येत होते.

"यातली त्यांची लेकरं कुठली?" नायकाने दरडावून विचारले.

"या आळीत आम्हाला परकं लेकरू एकही नाही," सोणक म्हणाला. "न्यायचं तर सगळ्यांना न्या."

नायकाने आळीभर नजर फिरवली. चाळीस घरे किल्ल्यात घातली तर सैन्याला पाण्याची मडकी कोण देणार? "कुंभार माजलेत," असे म्हणून तो शिपायांना घेऊन चालता झाला. पदुमा पोरीला उराशी धरून रडली.

त्यानंतर तीन वर्षे त्या आळीने दर सातवा दिवस पाळला. हत्थक दर वेळी कुरकुरला आणि दर वेळी सगळ्यांत आधी जाऊन लिंबाखाली बसला.

मग उग्रदत्त मेला. नव्या राजाने किल्ल्याची दारे उघडली. थोडीच माणसे परतली. एलोजी त्यांच्यात नव्हता. रिबका आली, केस पांढरे झालेली, काठी टेकत. कोठडीत राहून तिचा दिवसांचा हिशेब केव्हाच चुकला होता. आळीत शिरली तर चाकाचा आवाज नाही, कुठे धूर नाही. आळी उजाड केली वाटते, असे तिच्या मनात आले.

पुढे आली तर लिंबाखाली सगळी आळी बसलेली, लेकरे मधोमध. नऊ वर्षांची एक मुलगी उठून तिच्यापाशी आली. तिने आईला ओळखले नाही.

"मावशी, किती चालताय! आज चालायचं नसतं," मुलगी म्हणाली. "आज सातवा दिवस आहे. बसा ना."

रिबका बसली. तिला हुंदका आवरेना. पदुमा जवळ आली. तिचेही काळीज तुटत होते, तरी तिने मिल्काचा हात घेऊन रिबकाच्या हातात दिला. "ही तुझी आई गं, बाळा," ती म्हणाली, आणि दोघींच्या शेजारी बसून राहिली.

एवढी कथा सांगून भिक्षूंचे गुरू, शास्ते, त्यांना म्हणाले, "विहाराच्या दारी पोरक्या लेकरांना पेज वाढणारी उपासिका आहे ना, ती त्या वेळची पदुमा. आंधळ्या सासूला हात धरून रोज इथे आणते ती सून मिल्का होती, आणि ती सासू रिबका. भिक्षेला निघताना रोज कुरकुरणारा आणि आजाऱ्याच्या उशाशी सगळ्यांत आधी जाणारा तुमच्यातला तो भिक्षू म्हणजे हत्थक. सोणक कुंभार मीच होतो."

दुसऱ्याचे लेकरू आपल्या पोटाशी धरावे आणि तरी त्याला त्याच्या आईबापांचे राहू द्यावे, या मैत्रीची पारमिता, तो परम सद्गुण, बोधिसत्त्वाने त्या जन्मी पूर्ण केली.