घासलेला तवा

एकदा एका संशोधिकेने हात टेकले, आणि तेही कामात तसूभर कसूर न करता. कसे, ते ऐका.

हेमांगी तिचे नाव. जिवाणूच्या अंगावर स्निग्ध द्रव्याचे तलम पटल असते आणि त्या पटलात प्रथिनांची इवलीशी दारे बसवलेली असतात. ज्या दारातून एक जिवाणू आपले विष बाहेर सोडतो, ते दार बंद कसे करावे, हा तिचा ध्यास. चार वर्षे ती ते प्रथिन साबणासारख्या द्रावणाने पटलातून सोडवून, धुऊन धुऊन निर्मळ करत होती. निर्मळ तर झाले. पण उघडेना, मिटेना! आणि जे दार हलतच नाही, ते बंद करायचा उपाय तपासायचा तरी कसा? "सर, मी सोडते हे काम. सोमवारी पत्र देते," म्हणताना तिला रडूच फुटले.

तिचे वृद्ध सर म्हणाले, "अवश्य दे. पण रविवारी घरी घावने खायला ये."

रविवारी सरांच्या पत्नीच्या, म्हणजे काकूंच्या, बिडाच्या तव्यावरून घावने अलगद सुटत होती. दोन खाऊन झाली आणि सर म्हणाले, "हेमांगी, हा काळाकुट्ट तवा साबणाने लख्ख घास बघू."

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का? सासूबाईंचा तवा तो!" काकू कडाडल्या. पण सर ऐकतात कसले! हेमांगीने बिचारीने साबण आणि तारेची घासणी घेतली. कामात चोख पोरगी, तवा उजळला. त्यावर पुढचे घावन घातले, ते असे चिकटले की उलथन्याने खरवडावे लागले.

सर शांतपणे म्हणाले, "तुझ्या हाताला दोष नाही, बाळ. मळ समजून तू जे घासलंस, ते वर्षानुवर्षं मुरलेलं तेल होतं. तव्याचा निम्मा गुण त्यात. तुझं प्रथिनही जन्मभर पटलातल्या चरबीला धरून राहिलं. तू तीही धुतलीस. आता थोडी परत दे."

हेमांगीने उजळलेल्या तव्यावरून बोट फिरवले. केवढी साधी गोष्ट, आणि आपण चार वर्षे तीच मोरीत ओतत होतो!

सोमवारी तिने पत्र दिले नाही. जिवाणूच्याच पटलातली चरबी घेऊन तिने प्रथिन त्यात पुन्हा बसवले. तिसऱ्या प्रयत्नात यंत्राच्या पडद्यावर दार उघडल्या-मिटल्याची रेघ उमटली. तिने पहिला फोन काकूंना केला. "काकू, उघडलं!"

"उघडलं ना? मग ये आता," काकू म्हणाल्या. "तवा अजून रुसलाय. तेल लावून तापवायला तूच हवीस."