उघड्या बेटाची गोधडी

एका राज्यात, जिथे समुद्र राजवाड्याच्या पायऱ्या धूत असे, तिथे ऊब उरलीच नव्हती. चूल पेटे, पण हात शेकत नसत. चार-चार गोधड्या घेतल्या तरी दात वाजत. कारण राजा शूरध्वजाने समोरच्या रानबेटाची गोधडी पळवली होती. ते बेटाचे पांघरूण होते. खडक, माड, ओहोळ, सगळे तिच्यात शिवलेले. खजिन्यात ठेवताच तिची वाळू झाली आणि बेटाच्या जोगिणीने शाप दिला, "माझे बेट उघडे, तोवर तुझे राज्य गार."

दहा वर्षे दरबारातून दरसाल नवी गोधडी बेटावर जाई. दरसाल वारा ती परत फेकून देई.

राही ही गावात गोधड्या शिवणारी मुलगी. तिच्या बहिणीला लेक झाली, आणि तिसऱ्या दिवशी बाळाचे ओठ निळे पडले. राही तडक दरबारच्या मुख्य शिवणकारणीकडे, मथुआक्काकडे गेली.

"आक्का, यंदाची गोधडी कधी जाणार?"

"माघात. मुहूर्त काढलाय."

"माघापर्यंत बाळ राहील का?"

"मोठ्यांना घाई शिकवू नकोस, पोरी. दहा वर्षं शिवतेय मी."

"आणि दहा वर्षं वारा परत फेकतोय! बेट पाहिलंय तरी का तुम्ही?"

आक्काने पाहिले नव्हते. दरबारातल्या चित्रावरून ती कोऱ्या रेशमात बेट शिवत असे.

राहीने सुई, दोरा आणि भाकऱ्या बांधल्या व होडी लोटली. बेटाच्या काठावर एक कुरव पक्षी बसला होता.

"गोधडी कशाची करतात, मुली?" त्याने विचारले.

"ज्याची त्याच्या जुन्या कपड्यांची."

"मग बेटाचे जुने कपडे माग. तिघांकडे: नाग, माड आणि खडक."

ती ओहोळाकाठच्या नागाकडे गेली. "नागराजा, टाकलेली कात दे."

"दिली. पण माझी वाट गोधडीत सरळ शिवू नकोस. मी तसा जात नाही."

ती माडाकडे गेली. माडाने शेंड्यावरची जुनी जाळी देऊ केली, पण वाकला नाही. राही गुडघे सोलून वर चढली.

ती काळ्या खडकाकडे गेली. त्याच्या अंगावर हजार वर्षांचे दगडफूल होते. "हळू काढ," खडक म्हणाला, "गुदगुल्या होतात." तो हसला तेव्हा तीन दरडी कोसळल्या.

राही शिवत बसली. नागाच्या वाटेसारखे वाकडे टाके, माडाच्या जाळीचे रान, दगडफुलाचे कडे. तीन दिवस, तीन रात्री. एक कोपरा उरला, तेव्हा जोगीण समोर उभी राहिली.

"पोटात काय घालणार?"

शेवटच्या टाक्याआधी गोधडीत भाकरीचा तुकडा ठेवायचा, ही घराघरातली रीत. उपाशी गोधडी ऊब देत नाही.

"दरबारच्या गोधड्यांत हिरे होते," जोगीण म्हणाली. "दहाही उपाशी आल्या. माझ्या वाऱ्याने उपाशी घालवल्या."

राहीपाशी चतकोर भाकरी उरली होती, आणि कालपासून ती जेवली नव्हती.

"अर्धी ठेव तुला," जोगीण म्हणाली.

"अर्धपोटी गोधडी बेटाला काय ऊब देणार, आणि बहिणीच्या बाळाला तरी काय?" राहीने सगळा चतकोर आत ठेवला आणि टाका घातला.

गोधडी बेटावर पसरली. दोऱ्यांतून ओहोळ वाहू लागले. वारा आला, तिच्या कडेशी टेकला आणि झोपी गेला.

"जा," जोगीण म्हणाली. "शाप सुटला."

राही परतली तेव्हा राजा किनाऱ्यावर अनवाणी उभा होता. बेटावरची काडीही कुणी आणू नये, अशी द्वाही तो स्वतः फिरवत होता. मथुआक्का घाम पुसत पुढे आली.

"कोपऱ्याचा टाका वाकडा घातला असशील."

"घातलाय, आक्का. बेटही वाकडंच आहे. चला कधीतरी, दाखवते."

होडीत किती माणसे मावतात, ते आक्काने हळूच पाहून घेतले.

राही धावत घरी गेली. बहीण दारातच रडत-हसत होती. आत बाळ लालबुंद होऊन ओरडत होते. राहीने त्याच्यावर चौथी गोधडी नीट केली, आणि बाळाने दोन्ही पायांनी ती लाथाडून दिली.