तिळू, टेप आणि लाल लाल तार

एक होती पिवळी व्हॅन. व्हॅन कुणाची? शेवंतामावशीची. मावशी रोज पोरांना बालवाडीत न्यायची. बारा वाजता घरी आणायची.

व्हॅनमध्ये होता एक जुना टेप. टेपच्या मागे राहायची तिळू उंदरी.

तिळू केवढी? तिळाएवढी? छे, काहीतरीच! लिंबाएवढी. शेपूट मात्र लांबच लांब.

टेप रोज गायचा,
"भुईमुगाच्या शेंगेत दाणे दोन,
दार वाजवतंय कोण, कोण?"

पोरं ओरडायची, "मी!"

मागून तिळू ओरडायची, "मी!" कुणाला ऐकूच जायचं नाही. तरी ती ओरडायची. अगदी छाती फुगवून!

एक दिवस काय झालं? टेप म्हणाला, "भुईमुगाच्या शें... खर्रर्र... खट्!"

गाणं गेलं! पोरं लागली रडायला. तिळूलाही रडू आलं.

मावशीने व्हॅन नेली दस्तगीरचाचांच्या गॅरेजात. सोबत आणला नवाकोरा स्टिरिओ. ती म्हणाली, "चाचा, बाराला बालवाडी सुटते. त्याच्या आत बसवा बरं का! गाणं नसलं की पोरं नुसती रडतात." आणि ती गेली घरी.

तिळू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली टेपकडे.

"टेपदादा, टेपदादा, गाणं गा ना!"

"मी नाही गाणार. माझा घसा बसला. आधी स्टिरिओ जागेवर बसेल, मग तोच गाईल."

तुरुतुरु, तुरुतुरु. तिळू गेली स्टिरिओकडे. खोक्यात डोकावली. अबब! केवढी ही काच! काळीभोर, गुळगुळीत. काचेत आणखी एक तिळू!

"स्टिरिओदादा, स्टिरिओदादा, जागेवर बस ना!
टेप गात नाही,
मला कुणी विचारत नाही, कोण, कोण?"

"मी नाही बसणार. जागा बघ केवढी! मी आत डुगडुगेन. आधी चौकट बसेल, मग मी बसेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. तिळू गेली चौकटीकडे.

"चौकटताई, चौकटताई, नीट बस ना!
स्टिरिओ बसत नाही,
टेप गात नाही,
मला कुणी विचारत नाही, कोण, कोण?"

"मी नाही बसणार. मला का हात आहेत? आधी चाचा हात लावतील, मग मी बसेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. तिळू गेली चाचांकडे. चाचा चहा पीत होते. फुर्रर्र, फुर्रर्र.

"चाचा, चाचा, हात लावा ना!
चौकट बसत नाही,
स्टिरिओ बसत नाही,
टेप गात नाही,
मला कुणी विचारत नाही, कोण, कोण?"

"नाही बेटा, मी नाही हात लावणार. बॅटरी जागी आहे. ठिणगी उडेल, चर्रर्र! आधी बॅटरी झोपेल, मग मी हात लावीन."

तुरुतुरु, तुरुतुरु. तिळू गेली बॅटरीकडे. बॅटरी चौकोनी, जडच्या जड. अबब! एवढी मोठी व्हॅन हिच्या जोरावर सुरू होते!

"बॅटरीआजी, बॅटरीआजी, झोप ना गं!
चाचा हात लावत नाहीत,
चौकट बसत नाही,
स्टिरिओ बसत नाही,
टेप गात नाही,
मला कुणी विचारत नाही, कोण, कोण?"

"मी नाही झोपणार. उठल्यावर स्टिरिओला खाऊ कसा पाठवू? आधी लाल तार आत जाईल, मग मी झोपेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. तिळू गेली लाल तारेकडे. तार बसली होती वेटोळं करून.

"तारताई, तारताई, आत जा ना!
बॅटरी झोपत नाही,
चाचा हात लावत नाहीत,
चौकट बसत नाही,
स्टिरिओ बसत नाही,
टेप गात नाही,
मला कुणी विचारत नाही, कोण, कोण?"

"मी नाही जाणार. स्टिरिओकडे जायचं भोक बघ केवढंसं! आत काळाकुट्ट अंधार. चाचांची बोटं जाडी. माझं टोक धरून आत नेणार कोण, कोण?"

कोण, कोण? तिळूचे कान ताठ झाले. छाती फुगली.

"मी!"

"तू?" तार थरथरली. "तू तर उंदीर! मला कुरतडशील!"

"नाही कुरतडणार. दात मागे, ओठ पुढे. शप्पथ!"

चाचांनी चहा खाली ठेवला. उंदरावर भरवसा? चाचांच्या कपाळाला आठ्याच आठ्या. पण घड्याळात वाजले अकरा. "जा बेटा," चाचा म्हणाले.

तिळूने तारेचं टोक ओठांत धरलं. शिरली भोकात. सरसर, सरसर.

आत अंधार. तिळूला भीती वाटली. आणि तारेचा लाल झगा किती मऊ! दात लागले शिवशिवायला. एकच चावा घेऊ? एकच?

छे! दात मागे, ओठ पुढे. सरसर, सरसर. दात मागे, ओठ पुढे.

हळूहळू डोळ्यांना दिसू लागलं. अबब! निळ्या तारा. पिवळ्या तारा. हिरव्या तारा. इकडे तारा, तिकडे तारा! आपली व्हॅन आतून अशी आहे होय! तिळू बघतच राहिली.

मग पलीकडे दिसला उजेड. तिळू बाहेर आली. हुश्श!

चाचांनी तार डोळ्यांजवळ धरली. वरून पाहिली, खालून पाहिली. दाताची एकही खूण नाही! "शाब्बास बेटा!"

मग काय!

लाल तार आत गेली,
बॅटरीआजी झोपली, घुर्रर्र.
चाचांनी हात लावला. जुना टेप आला बाहेर.
चौकट बसली, खट्.
स्टिरिओ बसला, टक्.

बॅटरीआजीला उठवलं. सगळे बघत राहिले. कुणी हलेना.

टिंग!

काळ्या काचेत उजेड पडला. आधी थेंबभर. मग काचभर! निळा निळा, आभाळासारखा. तिळूच्या मिशा निळ्या. चाचांची पांढरी दाढी निळी!

"अबब!" तिळू म्हणाली.
"अबब!" चाचासुद्धा म्हणाले.

जुना टेप कुठे गेला? चाचांनी तो नीट पुसला. ठेवला व्हॅनमध्ये, मागच्या सीटखाली. "तिळू, हे तुझं नवं घर." तिळू टेपच्या पोटात शिरली. छान मऊ अंधार.

बारा वाजत आले. शेवंतामावशी आली. व्हॅन गेली बालवाडीला. पोरं चढली. मावशीने मोबाइलवर गाणं शोधलं. काचेला बोट लावलं.

चारही दारांतून गाणं आलं,
"भुईमुगाच्या शेंगेत दाणे दोन,
दार वाजवतंय कोण, कोण?"

"मी!" पोरं ओरडली.

"मी!" तिळू ओरडली. टेपचं पोट घुमलं, आणि या वेळी तिचं 'मी' सगळ्यांना ऐकू गेलं. मी... मी... मी!

मग सीटखालून आणखी एक आवाज आला. जुना, खरखरीत.

"खर्रर्र... मी!"

कोण ते? टेपदादा! इतकी वर्षं तो सगळ्यांना विचारत होता. आज त्याला कुणीतरी विचारलं.

आणि आत्ता, या क्षणी, आपल्या घराचं
दार वाजवतंय कोण, कोण?