देवाची गोधडी

"झोप मारायचा मंत्र आहे का हो बुवा तुमच्याकडं?"

विचारणारी प्रांजल. यंदा दहावीला. भर दुपारी मुरलीधराच्या देवळात आलेली. पाठीवरचं दप्तर तिच्याहून वजनदार, आणि डोळे असे लाल, की पोरगी रंगपंचमी खेळून आली म्हणावं.

गोविंदबुवा सुपारी कातरत बसले होते. तोंडात दात एक नाही, तरी कातरतात. आल्यागेल्याला वाटून टाकतात.

"झोपेनं तुझं काय वाकडं केलं?"

"काल गणिताच्या पेपरात डोळा लागला. अर्धा पेपर कोरा. बोर्डालाही असंच झालं तर?"

"आणि रात्री?"

"रात्री अभ्यास. अख्ख्या वर्गात सगळ्यात कमी मीच झोपते." हे मात्र मान ताठ करून. जशी काही त्याचीही ढाल मिळते!

"माझ्याकडं कुठला मंत्र? मुरलीधराला माग."

प्रांजल उठली. गाभाऱ्याचं दार बंद.

"उघडा ना."

"नैवेद्य झाला. देव झोपलाय."

"आत्ता? दिवसाढवळ्या?"

"रोज. रात्री पुन्हा झोपतो."

"रात्रीही? मग जग कोण सांभाळतं?"

बुवांचा अडकित्ता थांबला.

"तू असतेस की जागी."

...

प्रांजल फुरंगटली. "बसते इथंच. उठला की मागते." खांबाला टेकली. जरा वेळानं मान कलली, तोंड उघडं पडलं. ढाल गेली ती गेलीच.

देव उठवायची वेळ झाली. बुवांनी आधी घंटेच्या लोलकाला फडकं गुंडाळलं. मग दार उघडलं, अगदी चोरासारखं. देवाला उठवून पाटावर बसवलं, आणि त्याची गोधडी उचलून बाहेर आणली.

देव वीतभर, त्याची गोधडी ती केवढीशी! पोरीचे पाय झाकावेत तर गुडघे उघडे. शेवटी बुवांनी ती तिच्या डोळ्यांवर घातली. तेवढं मात्र बरोबर झाकलं.

इतक्यात तिची आई आली, शैला. ही बाई येत नाही, येऊन आदळते.

"प्रांजल! अगं, क्लास सुरू—"

बुवांनी ओठांवर बोट ठेवलं.

शैलानं लेकीला हलवायला हात पुढं केला... आणि तो तसाच राहिला. बाईचा आवाज एवढा बारीक होतो, हे गावाला त्या दिवशी कळलं.

"बुवा... ही तर देवाची गोधडी. मग देवाला?"

"त्याची झोप झाली."