तारीख नामंजूर

“...मग पेढे का नको म्हणतोस?” टिपणीस वकिलांनी विचारलं.

निशिकांत त्यांचा ज्युनिअर. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे घटकाभरही न विसरणारा. सर्वोच्च न्यायालयाने नुकताच निकाल दिला होता. कलम ३७७ खाली समलिंगी प्रेम आता गुन्हा राहिलं नव्हतं. साताऱ्याच्या कोर्टातली अख्खी बाररूम टीव्हीसमोर जमली होती. निशिकांतच्या मनात नुसत्या आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, चेहरा मात्र वकिलाचा.

“दोन हजार नऊला दिल्ली उच्च न्यायालयानेही असाच निकाल दिला होता, सर. लोक नाचले. तेराला वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. आता फेरविचाराची मुदत तरी जाऊ द्या.”

“म्हणजे तारीख मागतोस.”

“शहाणपण म्हणतात त्याला.”

“हं... आणि फाटकाबाहेर कोण उभं आहे?”

सरांना ठाऊक होतं तर!

फाटकाबाहेर इंद्रजित होता, शाळेतला चित्रकलेचा मास्तर. दोघं कित्येक वर्षं एका घरात राहत होते, आणि निशिकांत त्याला मावसभाऊ म्हणून खपवत होता. इंद्रजितला ते मुळीच रुचत नसे. ‘तू हाक मार, मी येतो,’ एवढंच तो म्हणे. निशिकांत दर वेळी पुढची तारीख मागून घेई.

“मुदत संपली की सांगेन सगळ्यांना, सर.”

टिपणिसांनी खुंटीवरचा काळा कोट अंगात चढवला. गळ्याला पांढरा बँड बांधला. खुर्चीत ताठ बसले.

“तारीख नामंजूर. पुकारा कर.”

“सर...”

“पक्षकार हजर आहे ना? मग पुकार.”

निशिकांत व्हरांड्यात आला. एरवी न्यायाधीशांपुढे तोंडाचा पट्टा चालवणारा गडी, आज दोनदा मागे फिरला. मग कोर्टातल्या पट्टेवाल्यासारखा त्याने तोंडाशी हात धरला.

“इंद्रजित वामन साबळे... हाजिर हो!”

बाररूम रिकामी होऊन सगळे बाहेर आले.

“कोण रे हा?” एका म्हाताऱ्या वकिलांनी विचारलं.

“माझा जोडीदार.” निशिकांत मोठ्याने म्हणाला.

“मग बोलाव की लेका! उन्हात काय ताटकळत ठेवलंयस!”

हशा पिकला. इंद्रजित हेल्मेट काढायचंही विसरून धावत आला. कंदी पेढ्यांचा पुडा फुटला, आणि हेल्मेटातून पेढा भरवायचा कसा यावर तीन वकिलांचा वाद जुंपला. निशिकांतला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

तरी वकिली काही सुटत नव्हती. खुर्चीत टेकत भरल्या तोंडाने तो म्हणाला, “पण सर, लग्नाबद्दल कायदा अजून काहीच बोलत नाही. आणि हाही निकाल उद्या फिरला तर?”

“फिरला तर पुन्हा लढू. ऊठ, आमच्या जावयाला खुर्ची दे.”